तू नसलीस तरी बैठक होईल

मावशीचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. लगेच कपाळाला आठ्या घालू नकोस. तक्रार नाही केली तिने, नुसतं विचारलं. "हिला काही होतंय का गं? काल आमरस केला, तर म्हणाली, तुम्हाला गोड लागतं तरी कसं हे सगळं? आणि ताट तसंच टाकून उठली." मावशीला बिचारीला वाटलं, वेलची जास्त पडली. मी म्हटलं, वेलचीचा काही संबंध नाही, मी बोलते तिच्याशी.

म्हणून हे लिहितेय. फोनवर बोलले असते तर दुसऱ्याच मिनिटाला तू "ताई, तुला नाही कळणार" म्हणाली असतीस, आणि मग मीही तडकले असते. लिहिलेलं निदान शेवटपर्यंत वाचशील.

आधी एक सांगते, म्हणजे उगाच बाह्या सरसावून बसू नकोस. तुझं काम मला मनापासून आवडतं. रस्तारुंदीत जाणाऱ्या वडांसाठी तुम्ही पोरं भर उन्हात उभी राहता, वृक्ष प्राधिकरणाच्या त्या रटाळ नोटिसा वाचता, हरकती लिहिता, सुनावणीला जाऊन साहेबासमोर न घाबरता बोलता. आमच्या पिढीतल्या कितीजणींना हे जमलं असतं? तेव्हा "हे सोड, नोकरी बघ, पस्तिशीत पश्चात्ताप होईल" असलं काही मी सांगणार नाही. ते सांगणारी माणसं आपल्या घरात हवी तेवढी आहेत, त्यात माझी भर नको.

आणि काळजी वाटणं हाच आजार, असंही मला म्हणायचं नाही. २०२१ साली 'लॅन्सेट प्लॅनेटरी हेल्थ' या नियतकालिकात एक मोठी पाहणी छापून आली. दहा देशांतल्या १६ ते २५ वयाच्या दहा हजार मुलामुलींना हवामानबदलाबद्दल काय वाटतं ते विचारलं होतं. भारतही होता त्यात. शंभरातल्या ५९ जणांनी सांगितलं, आम्हाला खूप किंवा अतिशय काळजी वाटते. आता या सगळ्यांना गोळ्या सुरू करायच्या का? पावसाचा भरवसा उरला नाही, मे महिन्यात गच्चीवर पाय ठेववत नाही, हे दिसत असताना ज्याला काहीच वाटत नाही त्याची चौकशी करायला हवी खरं तर. तुला रडू येतं ते ठीकच आहे.

उलट अशा कामाने माणसाला उभारी येते, हेही लोकांनी तपासून पाहिलंय. माल्टे क्लार आणि टिम कॅसर या दोघांनी २००९ मध्ये छापलेल्या अभ्यासात एक गमतीदार प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना सांगितलं, कॉलेजच्या खाणावळीच्या प्रमुखाला पत्र लिहा. काहींनी चवीबद्दल लिहायचं, काहींनी त्या अन्नामागच्या न्याय-अन्यायाबद्दल. लिहून झाल्यावर दुसऱ्या गटातल्या मुलांना जास्त तरतरी आलेली दिसली. एवढ्याशा पत्राने! वाचलं तेव्हा मला तू आठवलीस. पहिली हरकत महापालिकेत देऊन, आवक विभागाचा शिक्का मारलेली पोच नाचवत आली होतीस. त्या दिवशी तू चार पोळ्या खाल्ल्यास आणि वर आजीचे पायही चेपून दिलेस.

मग त्याच कामाने आमरस कडू का केला?

कॅनडातल्या क्वेबेकमध्ये रॉबर्ट व्हॅलरँड म्हणून एक मानसशास्त्रज्ञ आहेत. झपाटलेपण माणसाला कधी बळ देतं आणि कधी पोखरतं, हा त्यांचा विषय. २००३ मध्ये त्यांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. ते म्हणतात, झपाटलेपणाच्या दोन जाती असतात. एकीत काम तुम्हाला प्रिय असतं, पण ते आयुष्यातल्या बाकीच्या गोष्टींशी भांडत नाही. मनात आलं तर तुम्ही ते बाजूला ठेवू शकता. दुसरीत ते ठेवता येत नाही. आपली किंमत त्या कामाला बांधलेली असते. काम केलं तर मी कोणीतरी, नाही केलं तर मी शून्य, असा हिशेब मनात चालू राहतो. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही जातींच्या पोरी सारख्याच दिसतात. दोघीही पहाटे उठतात, दोघीही मोर्च्यात पुढे असतात.

२०१६ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सामाजिक कामात पडलेल्या लोकांकडे हीच फूटपट्टी लावून पाहिलं. पहिल्या जातीची माणसं आपल्या कामात समाधानी होती आणि कामापायी त्यांच्या दुखापती वाढत नव्हत्या. दुसऱ्या जातीत दुखापती जास्त. मनाच्या जखमा वगैरे म्हणत नाहीये मी, शरीराला लागलेलं म्हणतेय. कारण काय निघालं, तर ही माणसं स्वतःकडे बघतच नव्हती. आता आठव, मागच्या महिन्यात पाय मुरगळला होता तेव्हा क्रेप बँडेज गुंडाळून तू सर्वेक्षणाला गेलीस आणि सूज उतरायला किती दिवस लागले. ग्रुपवर तुझ्या त्या फोटोला किती लाल बदाम आले तेही आठव.

तुझी जात कोणती, ते मी इथे बसून ठरवणार नाही. पण ओळखायची एक खूण सांगते. थकवा ही ती खूण नव्हे. थकवा सगळ्यांनाच येतो. दुसऱ्याचं हसणं खुपायला लागलं की समजावं. मैत्रिणीने लग्नाचे फोटो टाकले आणि तुझ्या मनात पहिला शब्द 'बिनडोक' असा आला. भावाने नवीन बूट घेतले तर तू त्याला बुटाच्या किमतीत किती रोपं आली असती ते ऐकवलंस. (गणित बरोबर होतं, पण त्याचा वाढदिवस होता गं.) आणि आता आईचा आमरस. ज्या माणसांचं जग हिरवं राहावं म्हणून तू उभी आहेस, तीच माणसं तुला एकेक करून नकोशी व्हायला लागली आहेत.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. समुपदेशन केंद्रात काम करायचे तेव्हा आमच्याकडे एक मुलगी होती. हुशार, मनाने अतिशय मऊ. मार खाऊन आलेल्या बायकांचे जबाब लिहिताना तिचे डोळे भरायचे. सुट्टी कधी घ्यायची नाही, रात्री-अपरात्री पोलीस ठाण्यात जायची. पुढे पुढे तिचे डोळे भरेनासे झाले. एक बाई तडजोड करून नवऱ्याकडे परत गेली, तेव्हा ही फाइल आपटून म्हणाली, "यांना मार खायचाच असतो." खोलीतल्या आम्ही सगळ्या गप्प झालो. तिच्या तोंडात हे वाक्य कुठून आलं, कोणालाच कळेना. क्रिस्टिना मास्लाक या बाईंनी १९८१ मध्ये अशा थकलेपणाचं मोजमाप तयार केलं, त्यात तीन गोष्टी धरल्या आहेत: मन रितं होणं, ज्यांच्यासाठी काम करतो त्या माणसांबद्दल कोरडेपणा येणं, आणि आपल्या हातून काही होतच नाही असं वाटणं. मधली गोष्ट सगळ्यात वाईट, कारण ती ज्याला होते त्याला ती अक्कल आल्यासारखी वाटते. आमच्या त्या मुलीला केसेसवरून काढून काही महिने कचेरीतल्या नोंदींचं काम दिलं. खूप रडली, अपमान वाटला तिला. पण परत आली. आजही बायका केंद्रात येऊन तिचंच नाव विचारतात.

'बर्नआउट' म्हटलं की तुम्हा पोरांना हिंजवडीतले लॅपटॉपवाले आठवतात, हो ना? तो शब्द मानसशास्त्रात आणला हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी, १९७४ साली, आणि त्यांच्या डोळ्यांसमोर कंपनीतले नोकर नव्हते. न्यूयॉर्कमधल्या गरीब वस्तीत व्यसनी आणि बेघर पोरांसाठी चालवलेला मोफत दवाखाना होता. हे गृहस्थ दिवसभर आपली प्रॅक्टिस करायचे आणि संध्याकाळी तिथे फुकट काम करायला जायचे, ते मध्यरात्र उलटेपर्यंत. बाकीचेही असेच, हौसेने आलेले. साधारण वर्षभरात त्यातले कितीतरी जण चिडचिडे, संशयी, हट्टी झालेले त्यांना दिसले. काहीजण तर जास्त तास थांबायचे आणि काम मात्र कमी व्हायचं. फ्रॉइडनबर्गर स्वतःही त्यातून सुटले नाहीत. त्यांचं निरीक्षण असं की जो सगळ्यात तळमळीचा, तोच आधी संपतो. कामचुकार माणसाला हे दुखणं होत नाही. तेव्हा तुला जर ते झालं असेल, तर त्यात लाज वाटण्यासारखं काय आहे?

पण आपल्याकडे लाज वाटते. त्याला आपले सत्कार समारंभही कारण आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शाल-श्रीफळ हातात देताना अध्यक्ष काय बोलतात ते कधी कान देऊन ऐक. ताईंनी संसाराकडे पाहिलं नाही, मुलगा तापाने फणफणला होता तरी ताई शिबिराला गेल्या, ताईंनी तीस वर्षांत एक सुट्टी घेतली नाही. टाळ्या! त्या मुलाला कोणी विचारत नाही. ताईंच्या बीपीच्या गोळ्यांबद्दलही कोणी बोलत नाही. समोर बसलेल्या विशीतल्या पोरी मात्र मनात टिपून घेतात की असं झिजलं तरच ते खरं काम. अमेरिकेतले पॉल गोर्स्की हे कार्यकर्त्यांच्या थकण्याचा अभ्यास करतात. त्यांनाही तिथे हेच दिसलं. चळवळीत हुतात्मा व्हायची एक अलिखित रीत असते, आणि 'मी दमले' म्हणणं म्हणजे आपमतलबीपणा समजला जातो. म्हणजे हे एकट्या मराठी माणसाचं खूळ नाही, तेवढंच समाधान.

आता ज्यांच्या फोटोखाली तुमच्या बैठका होतात, त्या सावित्रीबाईंचं सांगते. शेण-दगडांची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. दुसरी एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. १८५६ मध्ये त्या आजारी पडल्या आणि नायगावला माहेरी जाऊन राहिल्या. तेव्हा वय काय, तर पंचवीस. तुझ्याहून एकाच वर्षाने लहान. भिडेवाड्यातली शाळा सुरू होऊन आठ वर्षं झाली होती, म्हणजे काम अगदी भरात होतं. ऑक्टोबरमध्ये तिथून त्यांनी जोतिरावांना पत्र लिहिलं. तब्येतीचे चढउतार झाले, भावाने मनापासून सेवा केली, आता बरं वाटतंय, पूर्ण बरी झाले की पुण्याला येते, असा मजकूर. आणि पुढे लिहिलंय की फातिमाला माझ्यामागे त्रास पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही.

मला हे पत्र फार आवडतं. शेवटच्या त्या उल्लेखासाठी तर फारच. फातिमा शेख शाळा सांभाळतेय याची जाणीव आहे, तिच्यावर ओझं पडलंय याबद्दल वाईटही वाटतंय, तरी "मी लगेच निघते" असं बाई म्हणत नाहीत. बऱ्या होईपर्यंत राहतात. आपल्यावाचून शाळा बंद पडेल अशी धास्ती त्यात कुठे नाही. मैत्रिणीवर एवढा भरवसा टाकता येणं हेही कामच आहे, आणि माझ्या मते हरकती लिहिण्यापेक्षा अवघड काम आहे. (विश्रांतीला गेलेल्या सावित्रीबाईंनी तिथेही भावाशी वाद घातलाच बरं का. तुम्ही महारामांगांसाठी जे करता त्याने कुळाला बट्टा लागतो, असं तो म्हणाला, तर आजारी बाईने त्याला निरुत्तर केलं, तेही त्याच पत्रात आहे. तेव्हा अंथरुणावर पडलेला माणूस बुळचट होतो ही भीती तू बाळगू नकोस.)

तुमच्या गटात तुझी फातिमा कोण आहे? नाव आठव. चटकन आठवत नसेल तर गटाचं काहीतरी चुकतंय आणि त्यात थोडा वाटा तुझाही आहे. सगळे पासवर्ड तुझ्याकडे, माहितीच्या अधिकारातल्या अर्जांची फाइल तुझ्या कपाटात, वकिलांशी बोलणं तुझंच, पत्रकारांच्या फोनना उत्तर तूच देणार. वरून म्हणतेस, कोणी काही करत नाही. अगं, करायला शिल्लक ठेवलंस काय? आणि तेवढ्यात बैठकीला चहा कोण टाकतं, हेही मी मागच्या वेळी आले तेव्हा पाहिलंय. क्रांती करायला बसलेली चार दांडगी पोरं कपाची वाट बघत होती आणि तू टोपाखालचा गॅस बारीक करत होतीस. इतिवृत्तही तूच लिहिलंस. तो चहा आधी वाटून टाक. वनस्पतींची नावं लॅटिनमध्ये सांगणाऱ्याला गाळणी धरता येते.

अनिल अवचटांची गोष्ट तुला सांगायची राहिलीय बघ. २०२२ च्या जानेवारीत ते गेले, तेव्हा तू परीक्षेत होतीस बहुधा. डॉक्टर झालेला हा माणूस बिहारच्या दुष्काळावरच्या 'पूर्णिया'पासून लिहायला लागला आणि आयुष्यभर दुखऱ्या जागीच फिरत राहिला. दलितांवरचे अत्याचार, विडी कामगार, हमाल, यंत्रमागावरची माणसं. १९८६ मध्ये पत्नी सुनंदा, म्हणजे डॉक्टर अनिता अवचट, यांच्यासोबत पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, आणि तिथे तर रोज माणसांची मोडतोडच समोर. एवढं सगळं पाहून माणूस कडवट व्हायला हवा होता. पण हा बुवा बासरी वाजवायचा, लाकडातून शिल्पं कोरायचा, चित्रं काढायचा, कागदाच्या घड्या घालून पक्षी करायचा, भाज्या आवडीने रांधायचा. 'छंदांविषयी' नावाचं अख्खं पुस्तक आहे त्यांचं. हे छंद त्यांनी काम संपवून उरलेल्या वेळात केले असं काही वाटत नाही वाचताना. काम कधी संपणार होतं? ते बरोबरीने चाललं होतं.

तू भरतनाट्यम सोडलंस. 'आत्ता यावेळी नाच कसला' म्हणालीस. मी तेव्हा बोलले नाही. आता बोलते: चुकलीस. नाचायला जा. तुझं शरीर आठवड्यातले दोन तास निवेदन, नकाशे आणि खटले विसरलं तर वडाचं एक पानही गळणार नाही. व्हॅलरँडबुवांच्या भाषेत सांगायचं तर, आयुष्यात दुसरं काहीतरी प्रिय असणं हाच पहिल्या जातीत राहायचा रस्ता आहे.

अवघड आहे ते पुढचंच. आपण हरतो तेव्हा काय करायचं?

मुंबईतल्या आरेचं, मेट्रोच्या कारशेडसाठी तोडलेल्या झाडांचं, तुला माहीत आहे, पण तारखा पुन्हा बघ. ४ ऑक्टोबर २०१९ ला उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती चालू झाल्या. निकाल आणि करवत यांच्यामध्ये एक पहाटही गेली नाही. आडव्या आलेल्या पोरांपैकी २९ जणांना अटक झाली. विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, त्यावरून सर्वोच्च न्यायालयाने ७ तारखेला तोडीला स्थगिती दिली. तोवर २,१४१ झाडं पडली होती. मुंबईची एक मैत्रीण सांगत होती, पुढचे कित्येक दिवस मिक्सरचा आवाज आला तरी तिच्या अंगावर काटा यायचा. आता पुढचं ऐक. २०२० मध्ये आरेतली ८१२ एकर जागा राखीव जंगल म्हणून जाहीर झाली आणि कारशेड कांजूरमार्गला न्यायचं ठरलं. २०२२ मध्ये सरकार बदललं, कारशेड परत आरेत आलं. ऑक्टोबर २०२४ पासून तिथून मेट्रो धावतेय आणि तीत बसणाऱ्यांमध्ये तेव्हा घोषणा देणारेही असणार. जिंकलं कोण? हरलं कोण? ज्याने 'झाड वाचलं तरच मी' असं ठरवलं होतं, त्याचं मन ५ ऑक्टोबरलाच मोडलं. ज्याने तसं ठरवलं नव्हतं, तो राखीव जंगलाच्या कागदांमागे लागला.

तुमचे वड पडतील कदाचित. हे लिहिताना मलाही बरं वाटत नाही, पण मोठ्या बहिणीने खोटी आशा लावू नये. सुनावणी झाली, हरकती नोंदल्या गेल्या, तरी तोडीची परवानगी निघते, असं अनेकदा होतं. पडले तर रड. एकटी घरात कोंडून नको, तुमच्या गटासोबत. ज्यांनी एकत्र मार खाल्ला त्यांनी एकत्र रडायचंही असतं, नाहीतर मग ती पोरं एकमेकांवर उलटतात. कोणी पोस्ट उशिरा टाकली, कोणी नगरसेवकाशी आतून बोलणं केलं, कोण 'खरा' कार्यकर्ता आणि कोण फोटोपुरता. चळवळीतली माणसं सरकारपेक्षा एकमेकांमुळे जास्त घायाळ होतात. मी हे फार जवळून पाहिलंय आणि त्यावर माझ्याकडे काही रामबाण नाही. रात्री अकरानंतर ग्रुपवर कोणी कोणाच्या निष्ठेची चौकशी करायची नाही, एवढा नियम तरी करा. दिवसा भांडा, समोरासमोर भांडा, पोटात काहीतरी घालून भांडा.

फोनचं तुला वेगळं सांगत नाही. झोपण्याआधी अंधारात, अंगावर पांघरूण घेऊन, कुठल्यातरी देशातल्या पोरांचे मृतदेह बघून आजवर तू कोणाला वाचवलंस? फोन हॉलमध्ये चार्जिंगला लाव.

पैशाचं मात्र सांगते, कारण तुमच्यात पैशाबद्दल बोलणं हलकं समजतात. तुझी फेलोशिप मार्चला संपते. त्यानंतर काय, हे तू कोणालाच सांगितलेलं नाहीस, आणि रात्री झोप न येण्याचं अर्धं कारण मला वाटतं तिथे आहे, वडात नाही. खात्यात सहा महिन्यांचा खर्च नसलेली मुलगी प्रत्येक गोष्टीला घाबरते, आणि मग त्या भीतीला तत्त्वाचं नाव देते. अर्धवेळ शिकवण्या घे, भाषांतराची कामं घे, सर्वेक्षणाचे पैसे माग. फुकट केलं तरच पवित्र, हे तुला कोणी सांगितलं?

आणि आता जे सांगते ते गंमत बाजूला ठेवून. दोनेक आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, आवडायचं ते काही आवडत नाही, कारण नसताना रडू येतं किंवा काहीच वाटेनासं होतं, असं झालं तर तो तुझ्या तत्त्वांचा प्रश्न राहत नाही. डॉक्टरकडे जायचं. आणि 'नकोच हे सगळं, आपणच नसलेलं बरं' असा विचार एकदाही मनात आला तर दोन आठवडे थांबायचं नाही, त्याच क्षणी मला फोन करायचा, वेळ न बघता. माझ्याशी बोलवणार नसेल तर टेली मानसचा १४४१६ हा नंबर आहे. सरकारने २०२२ मध्ये सुरू केलाय, पैसे पडत नाहीत, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. फोनमध्ये टाकून ठेव. गटातल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये टाक, कोणाला कधी लागेल सांगता येत नाही. चळवळीतल्या माणसाने मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणं म्हणजे कच्चेपणा, असं कोणी म्हणालं तर त्याला विचार, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचं काम करणारे हमीद दाभोलकर कोण आहेत? मानसोपचारतज्ज्ञच आहेत. २०१३ मध्ये वडिलांचा खून झाला, त्यानंतरही तो माणूस आपली ओपीडी आणि समितीचं काम, दोन्ही करत राहिला.

झालं एवढंच. आता कामाचं. तुमच्या हरकतींची मुदत सोमवारी संपते आणि शंभरेक लोकांची हाताने लिहिलेली पत्रं टाइप करायची आहेत, असं तू मावशीला सांगत होतीस म्हणे. त्यातली निम्मी मला पाठव. शनिवारी माझ्याकडे कोणी येणार नाही, मी बसते. उरलेली तुझ्या त्या लॅटिनवाल्याला दे. तू शनिवारी नाचाच्या क्लासला जा. बाईंना मी विचारलंय, सहाची बॅच आहे. पत्रांचे फोटो नीट उजेडात काढ, सावली पडू देऊ नकोस. आणि नमुन्याची फाइल युनिकोडमध्ये पाठव. मागच्या वेळी तू कुठल्यातरी जुन्या फॉन्टमधली पाठवली होतीस, माझ्याकडे सगळे चौकोन चौकोन दिसत होते.